इमर्जन्सी मेडिसिनचा थिसिस: रेसिडेंट पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

एमडी इमर्जन्सी मेडिसिन करणाऱ्या, त्यातही महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या रेसिडेंटना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. आपल्याकडे हा विषय स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाला. त्यामुळे पुष्कळ विभागांत गाइड मूळचे मेडिसिनचे, भूलशास्त्राचे किंवा सर्जरीचे असतात आणि थिसिसचा साचा वॉर्डातल्या रुग्णांवर बेतलेला असतो. कॅज्युअल्टीत तो साचा कुठे तुटतो, ते बहुतेक उत्तरांत येईल.

थिसिससाठी प्रत्यक्षात हातात किती वेळ असतो?

अंतिम परीक्षेच्या किमान ६ महिने आधी थिसिस सादर झालेला हवा. म्हणजे ३६ पैकी तिसावा महिना ही शेवटची सीमा. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), विभागातलं सादरीकरण आणि एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी यांत पहिले ७-८ महिने सरतात. शेवटचे ४ महिने विश्लेषण, लेखन, बाइंडिंग आणि सह्यांसाठी पळण्यात जातात. मधे उरतात साधारण १८. त्यातून जिल्हा रुग्णालयातल्या पोस्टिंगचे ३ महिने वजा करा. राहिले १५. रुग्णसंख्या ठरवताना हाच आकडा धरायचा. ‘दोन वर्षं आहेत की’ म्हणणाऱ्याची शेवटच्या तीन महिन्यांत केसपेपर शोधताना जी त्रेधा उडते, ती टाळता येण्यासारखी असते.

संशोधनपद्धतीचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स (चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) पहिल्याच वर्षात उरकून टाका. शक्य असेल तर सिनॉप्सिसच्या आधी करा, म्हणजे तो उपयोगी तरी पडतो.

विषय कसा निवडायचा?

मागच्या वर्षाचं कॅज्युअल्टी रजिस्टर उघडा आणि तुमच्या मनातल्या आजाराचे रुग्ण एकेक करून मोजा. आलेल्या आकड्याचा अर्धा धरा. काही रुग्ण तुमच्या निकषांत बसत नाहीत, काही दुसऱ्या रुग्णालयातून उपचार घेऊन येतात, काहींचे नातेवाईक नाही म्हणतात. अर्ध्यानेही भागत असेल तर विषय घ्या.

दुसरी कसोटी मोजमापाची. उत्तर एका आकड्यात किंवा हो-नाहीत मिळालं पाहिजे. ‘सर्पदंशाच्या रुग्णांचा वैद्यकीय अभ्यास’ हा विषय दर वर्षी कुठे ना कुठे मंजूर होतो आणि त्यातून वय, लिंग, शेतात की घरात यांच्या वर्तुळाकार आलेखांपलीकडे काही निघत नाही. त्याऐवजी ‘विषारी दंशानंतर प्रतिविषाची पहिली कुपी लागेपर्यंत किती मिनिटं जातात आणि त्यातली किती आपल्या दाराच्या आत जातात’ असं विचारलं, की विभागाला कामाला येईल असं उत्तर मिळतं. आपल्याकडे घोणस, फुरसे, मण्यार, विंचू, शेतीची कीटकनाशकं, उंदीर मारायची पेस्ट यांचे रुग्ण भरपूर आहेत. परदेशी पुस्तकात जे आजार दोन ओळींत आटोपतात, त्यांच्यावर इथे चांगलं काम होऊ शकतं.

रुग्ण किती घ्यायचे? गाइड म्हणतात शंभर घे.

शंभर हा गोल आकडा आहे, त्याला दुसरं काही कारण नसतं. आधी तुमचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवा.

एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचं असेल तर सूत्र सोपं आहे: ३.८४ × प्रमाण × (१ − प्रमाण), भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग (३.८४ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला गुणक). अपेक्षित प्रमाण ३० टक्के आणि चूक ५ टक्के चालत असेल तर ३२३ रुग्ण लागतात. चूक १० टक्के चालवून घेतली तर ८१ पुरतात. पण मग उत्तर ‘२० ते ४० टक्के’ असं येणार. ते तुम्हाला चालणार आहे का, हे आधीच ठरवा.

चाचणीचा अभ्यास असेल तर बरेच जण इथेच फसतात. समजा, छातीला मार लागलेल्यांत सोनोग्राफीने न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साठलेली हवा) किती पकडला जातो ते बघायचंय. संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी चाचणीने पकडलेल्यांचं प्रमाण) ९० टक्के अपेक्षित आणि चूक ७ टक्के धरली, तर सूत्राने ७१ येतात. हे ७१ म्हणजे न्यूमोथोरॅक्स असलेले रुग्ण. छातीला मार लागलेल्या दर पाचांत एकालाच तो सापडत असेल तर एकूण ३५५ तपासावे लागतील. १० टक्के गळती धरली की ३९५. पंधरा महिन्यांत महिन्याला २६. आता रजिस्टरशी ताडून बघा.

दोन उपचारांची तुलना असेल तर सगळं फरकाच्या आकारावर ठरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा लाल विंचवाच्या दंशावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसतं प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. एकूण रुग्ण ७०. दहा तासांत लक्षणं पूर्ण गेलेले रुग्ण एका बाजूला ३५ पैकी ८, दुसऱ्या बाजूला ३५ पैकी ३२. एवढी दरी असली की सत्तर पुरतात. उलट ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या क्रॅश-२ चाचणीत (हे औषध रक्तस्राव थांबवायला देतात) मृत्यूचं प्रमाण १६.० वरून १४.५ टक्क्यांवर आलं. दीड टक्क्याचा फरक दाखवायला ४० देशांतले २०,२११ जखमी लागले. हाच फरक ८० टक्के शक्तीने (खरा फरक असेल तर तो ८० टक्के वेळा दिसेल अशा बेताने) पकडायचा तर आजच्या हिशेबाने प्रत्येक गटात ९,००० च्या आसपास रुग्ण हवेत. त्यामुळे ‘६० रुग्णांत मृत्यूदर कमी होतो का’ असा थिसिस मांडू नका. मृत्यूऐवजी पहिल्या प्रयत्नात श्वासनलिकेत नळी पडली का, वेदना ३० मिनिटांत किती उतरली, असं काही मोजा.

मी ड्युटीवर असताना आलेलेच रुग्ण घेतले तर चालेल का?

सगळे तसंच करतात आणि बहुतेक थिसिसचा मोठा दोष तिथेच असतो. रात्री दोनला येणारा रुग्ण सकाळी अकराच्या रुग्णासारखा नसतो. रात्री दारू, अपघात, उशिरा पोचलेला झटका जास्त असतो आणि सीटीची रांग वेगळी असते. दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक पाळीतल्या सहकाऱ्याला सहसंशोधक करून सलग सगळे रुग्ण घेणं. दुसरा, महिन्याच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून ठरावीक पाळ्या निवडणं, त्यांत रात्रीच्याही येऊ देणं, आणि त्या पाळीत आलेला एकही पात्र रुग्ण न सोडणं.

दोन्ही जमत नसेल तर निदान स्क्रीनिंगची वही ठेवा. पात्र पण न घेतलेल्या प्रत्येकाचं वय, लिंग, येण्याची वेळ आणि न घेण्याचं कारण एका ओळीत लिहा. ‘घेतलेले आणि सुटलेले यांत फार फरक नव्हता’ हे वाक्य मग तुम्ही पुराव्यानिशी लिहू शकता.

वेळा नोंदवताना काय चुकतं?

जवळजवळ सगळंच. ‘दारापासून ईसीजीपर्यंत’ हा साधा मोजमापाचा विषय घ्या. उद्दिष्ट १० मिनिटांचं. थिसिसच्या तक्त्यात मात्र काही रुग्णांचा वेळ उणे चार मिनिटं येतो, म्हणजे रुग्ण येण्याआधीच ईसीजी निघाला! कारण साधं आहे. रुग्ण ट्रॉलीवर आत जातो, ब्रदर लगेच ईसीजी काढतात, आणि त्याचा मुलगा अजून केसपेपरच्या खिडकीसमोर रांगेत असतो. छापील वेळ केसपेपरची, दाराची नव्हे. शिवाय ईसीजी यंत्राचं घड्याळ कुणी कधी लावलेलं नसतं. बॅटरी उतरली की ते आपल्याच तंद्रीत चालू होतं.

म्हणून अभ्यास सुरू करण्याआधी एक दिवस काढा. ईसीजी यंत्र, मॉनिटर, एबीजीचं (धमनीतल्या रक्तातले वायू मोजायचं) यंत्र, भिंतीवरचं घड्याळ आणि नोंदणीचा संगणक, सगळ्यांची वेळ मोबाइलशी जुळवा. दर सोमवारी पुन्हा बघा, फरक वहीत लिहा. दाराची वेळ ट्रायाजवर (रुग्ण किती गंभीर ते आधी ठरतं त्या टेबलावर) बसलेल्या सिस्टरांनी कागदावर टाकायची, केसपेपरवरून उतरवायची नाही. आणि वेळेबरोबर तारीखही लिहा. रात्री ११:५० ला आलेल्याला १२:२० ला इंजेक्शन मिळालं, की तारखेविना एक्सेल त्याला जवळजवळ चोवीस तास मागे नेतं.

अपघाताची वेळ आणखी अवघड. नातेवाईक ‘सकाळी’ म्हणतात. वेळ महत्त्वाची किती, तर क्रॅश-२ च्याच नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं, की तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात आणि त्यानंतर दिलं तर वाढतात. ‘सकाळी’ या नोंदीतून हे कधीच कळलं नसतं. इथे एक युक्ती कामाला येते. १०८ ला किंवा घरी पहिला फोन ज्याने केला, त्याला त्याच्या मोबाइलमधली कॉलची वेळ बघून सांगायला सांगा. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांच्या आतली वेळ मिळते.

चाचणी तर रोजचीच आहे, तिची पद्धत कशाला लिहायची?

रोजची आहे म्हणूनच. सर्पदंशात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सगळे करतात, पण दोन पाळ्यांत दोन तऱ्हांनी. नीट पद्धत अशी: कोरडी, स्वच्छ, काचेची नळी. ताजं रक्त २ मिली. खोलीच्या तापमानात, न हलवता, २० मिनिटं उभी ठेवायची. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही.

नळी प्लास्टिकची असेल तर काचेच्या स्पर्शाने सुरू होणारी गोठण्याची साखळी नीट चालू होत नाही, आणि निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. नळी साबणाच्या पाण्याने धुतली तरी तोच घोळ. दर पाच मिनिटांनी तिरकी करून बघणारे उत्साही लोक असतात, ते वेगळेच. परिणामी ज्याला प्रतिविषाची गरज नाही त्याला ते दिलं जातं आणि तुमच्या तक्त्यात तो ‘विषारी दंश’ म्हणून बसतो. शंका आली तर तुमचं स्वतःचं रक्त त्याच खोक्यातल्या नळीत घालून बघा. ते गोठलं नाही तर खोकंच बदला.

लॅक्टेटचंही (रक्तातल्या दुग्धाम्लाचंही) तसंच. दंडाला पट्टा किती वेळ बांधला होता, नमुना यंत्रापर्यंत किती मिनिटांत गेला, हे प्रोफॉर्म्यात (माहिती भरायच्या छापील फॉर्ममध्ये) हवं. खोलीच्या तापमानात पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी लॅक्टेट बनवतच राहतात.

एथिक्स कमिटी प्रस्ताव परत का पाठवते?

नेहमीची कारणं ठरलेली आहेत. रुग्णसंख्येचा आधार दिलेला नाही. मराठी संमतीपत्रक जोडलेलं नाही, किंवा इंग्रजीत आहे ते मराठीत नाही. खर्चाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहिलंय आणि पद्धतीत मात्र दोन जादा रक्तचाचण्या आहेत. संशोधनासाठी केलेल्या तपासणीचा पैसा रुग्णाकडून घेता येत नाही, खाजगी रुग्णालयातही नाही. तो कोण देणार ते लिहा. जुन्या केसपेपरांवरचा, ओळख काढून टाकलेला अभ्यास असेल तर संमतीतून सूट मागता येते. पण सूट कमिटी देते, आपण गृहीत धरायची नसते. मंजुरीच्या तारखेआधीचा एकही रुग्ण यादीत नको.

बेशुद्ध रुग्णाची संमती कुणाची?

कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे बहुतेक वेळा पती-पत्नी, आई-वडील, सज्ञान मुलगा-मुलगी यांची. १०८ मधून सोबत आलेला शेजारी किंवा गावचा सरपंच चालत नाही. रस्त्यावरून आणलेला, ओळख न पटलेला रुग्ण असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नंतर घेतलेल्या संमतीचा मार्ग आहे, पण तशी तरतूद प्रस्तावात आधी लिहून मंजूर झालेली हवी. उपचार कधीही संमतीपत्रासाठी थांबत नाहीत. नातेवाईक पोचले की त्यांची, आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्याची स्वतःची संमती घ्यायची. तो नाही म्हणाला तर त्याची माहिती काढून टाकणार की तोपर्यंतची ठेवणार, हेही आधीच लिहून ठेवा.

मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी मान्यता वेगळी घ्यायची.

मराठी संमतीपत्रक कसं लिहावं?

वाचून दाखवता येईल असं. ‘सदर यादृच्छिकीकृत अभ्यासात आपला सहभाग ऐच्छिक असून’ हे वाक्य कोल्हापूरच्या प्राध्यापकालाही दोनदा वाचावं लागेल. ‘दोन औषधांपैकी कोणतं द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ असं लिहा. ‘प्लेसिबो’ऐवजी ‘दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी’. रक्त किती, तर ‘५ मिली’च्या पुढे ‘म्हणजे साधारण एक चहाचा चमचा’.

कॅज्युअल्टीत नातेवाईक त्याच तासात पोलिसांच्या एमएलसीच्या कागदावर, सीटीच्या आणि ऑपरेशनच्या फॉर्मवर सह्या करत असतात. तुमचा कागद त्यातलाच एक वाटतो. तो वेगळ्या रंगाचा ठेवा आणि पहिल्याच ओळीत लिहा: ‘यावर सही केली नाही तरी उपचार तसेच होतील.’ वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो तुमच्या चमूतला नको. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीकडे नुसती मराठी पुरत नाही. कोरकू, पावरी, गोंडी बोलणारं माणूस पाळीत कोण आहे ते आधी शोधून ठेवा.

सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी लागते का? औषध महानियंत्रकांची परवानगी?

उपचारात हस्तक्षेप असेल तर नोंदणी लागतेच, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. नोंदणीला प्रश्नोत्तरांच्या फेऱ्या होतात, तेव्हा हाताशी काही आठवडे ठेवा. निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतो.

महानियंत्रकांचं म्हणाल तर, मंजूर औषध नव्या कारणासाठी, नव्या मात्रेत किंवा नव्या मार्गाने वापरायचं आणि त्यातून विक्रीची परवानगी मागायची नाही, असा शैक्षणिक अभ्यास २०१९ च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीच्या मंजुरीवर चालतो. औषधच देशात मंजूर नसेल तर त्या वाटेला थिसिससाठी जाऊ नका.

चिठ्ठ्या टाकणं म्हणजे नेमकं काय करायचं?

सम तारखेला हे औषध, विषम तारखेला ते, याला चिठ्ठ्या टाकणं म्हणत नाहीत. पुढच्या रुग्णाला काय मिळणार हे आधीच कळलं, की नकळत आपण रुग्ण निवडतो.

संगणकावरून यादी काढा, ४ आणि ६ रुग्णांचे गट मिसळून (प्रत्येक गटात दोन्ही उपचार समसमान). ती यादी तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ठेवावी. लिफाफे जाड, क्रमांक घातलेले, चिकटवलेले हवेत. आतल्या चिठ्ठीभोवती स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळा, नाहीतर क्ष-किरण बघायच्या पेटीसमोर धरला की आतलं वाचता येतं. उघडण्याआधी लिफाफ्यावर रुग्णाचा क्रमांक, तारीख, वेळ लिहायची. ठेवायची जागा औषधाच्या कपाटात, इन्चार्ज सिस्टरांकडे. लिफाफा १७ उघडायच्या आधी १८ उघडला गेला, तर ती चूक झाकू नका, नोंदवा.

डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध) गेलेले, पळून गेलेले, दुसरीकडे हलवलेले यांचं काय?

त्यांना यादीतून काढलं की निकाल सुंदर दिसतो आणि खोटा ठरतो. फार आजारी असलेलेच बहुधा मोठ्या रुग्णालयात हलतात, बरे झालेलेच पळून जातात. दाखल करतानाच दोन मोबाइल नंबर घ्या, एक रुग्णाच्या घरचा आणि एक गावातल्या दुसऱ्या कुणाचा. तिथेच रिंग देऊन बघा. २८ व्या किंवा ३० व्या दिवशी फोन, तीन वेगवेगळ्या वेळांना तीन प्रयत्न. तरी नाही लागला तर ‘माहिती नाही’ असा वेगळा रकाना.

सोनोग्राफीच्या उदाहरणात याचंच दुसरं रूप दिसतं. ज्यांना डॉक्टरांना शंका आली त्यांचंच सीटी झालं, तर सोनोग्राफीने चुकवलेले न्यूमोथोरॅक्स कधी सापडतच नाहीत आणि संवेदनशीलता फुगते. बाकीच्यांसाठी दुसरी ठरलेली कसोटी हवी. उदाहरणार्थ, सहा तासांनी पुन्हा छातीचा एक्स-रे.

संख्याशास्त्रज्ञांकडे कधी जायचं?

दोनदा. एकदा सिनॉप्सिसच्या आधी आणि एकदा पहिले दहा रुग्ण भरल्यावर. साडेतीनशे रुग्णांची फाइल घेऊन शेवटी गेलात तर ते सांगतील ते सगळं खरं असेल आणि दुरुस्त काहीच करता येणार नाही. दहा रुग्णांत कळतं, की रक्तदाब ‘१२०/८०’ असा एकाच चौकटीत भरलाय, वयाच्या रकान्यात ‘५ महिने’ आलंय, ‘नॉर्मल’ तीन स्पेलिंगांत लिहिलंय, आणि माहिती नसलेल्या जागी शून्य टाकलंय. एपी इन्फो हे माहिती भरायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मर्यादा घालून फॉर्म केला तर ३२० चा जीसीएस (शुद्धीचा गुणांक, ३ ते १५ मधला) भरताच येत नाही.

वेळा, लॅक्टेट, रुग्णालयातले दिवस या आकड्यांची शेपटी लांब असते. त्यांचा मध्यक आणि चतुर्थकं द्या, सरासरी नको. स्वतःच्याच रुग्णांवरून काढलेला ‘सर्वोत्तम कट-ऑफ’ (आजार आहे की नाही ते ठरवणारी सीमा) दुसऱ्या रुग्णालयात इतका चांगला चालणार नाही, हे चर्चेत लिहा.

फरक निघाला नाही तर थिसिस फुकट गेला का?

नाही. पण ‘फरक नाही’ आणि ‘फरक दिसला नाही’ यांत घोळ करू नका. ६० रुग्णांत केटामाइनने (भुलीच्या औषधाने) एकही गंभीर गुंतागुंत झाली नाही, याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. एकही घटना दिसली नाही तर ‘तीनचा नियम’ लावतात: तीन भागिले साठ, म्हणजे धोका ५ टक्क्यांपर्यंतही असू शकतो. तसंच लिहा. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

सहकारी रेसिडेंट आणि इंटर्नवरच अभ्यास केला तर?

प्रशिक्षणाचे विषय चांगले असतात. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं, शिकवल्यावर कौशल्य किती टिकतं, छाती दाबण्याचा वेग १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर राखली जाते का, असे. अडचण दोन ठिकाणी येते. इंटर्न तुमच्या हाताखाली आहे आणि रेसिडेंट गाइडच्या. ‘नाही’ म्हणायची त्याची सोय राहत नाही. संमती विभागाबाहेरच्या माणसाने घ्यावी आणि गुण गाइडना नावानिशी कळू नयेत. दुसरी अडचण मोजमापाची. कार्यशाळा संपल्यासंपल्या घेतलेल्या परीक्षेत सगळेच सुधारतात. तीन महिन्यांनी, न सांगता, पुन्हा घ्या. गुण देणारे दोघे असू द्या, त्यांनी व्हिडिओ बघून, हा प्रशिक्षणाआधीचा की नंतरचा हे माहीत नसताना गुण द्यावेत.

जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांत रुग्ण घेणं थांबवायचं का?

तुमच्या जागी सहसंशोधक नेमलेला असेल तर थांबायचं कारण नाही. त्याचं नाव एथिक्स कमिटीकडे आधी कळवलेलं हवं आणि निघण्यापूर्वी पाच रुग्ण त्याच्याबरोबर भरून बघा. जिल्हा रुग्णालयातलेच रुग्ण घ्यायचा मोह होईल, पण त्या जागेची वेगळी मंजुरी नसेल तर घेऊ नका. मात्र तिथे स्क्रीनिंगच्या वहीसारखी साधी मोजणी करून बघा. कोणते रुग्ण तिथून पुढे पाठवले जातात आणि किती वाजता निघतात ते कळलं, की तुमच्या कॅज्युअल्टीत रात्री दोनला येणारी गर्दी कुठून येते त्याचा उलगडा होतो.